हळू आवाजातले स्वीडनवाले

मार्च आला की आमच्या चाळीचा आवाज खाली येतो. तसं कुणी ठरवत नाही. शेजारच्या काकू टीव्हीचं बटण मागे फिरवतात, नळावरची भांडणं हातवाऱ्यांवर उरकतात, आणि गॅलरीत क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना कुणीतरी दटावतं, "ए, दादाची परीक्षा आहे ना!" तो दादा म्हणजे बहुतेक मीच. चाळीत कॉलेजला गेलेली मुलं आहेत, पण आमच्या घरातला मी पहिलाच. त्यामुळे आई ही शांतता फार जपते. कुकरची शिट्टीसुद्धा तिला जास्त वाटते.

यंदा शेवटचं वर्ष. टेबलावर ऑरगॅनिक केमिस्ट्रीचं पुस्तक उघडं आहे आणि त्याच्या शेजारी एक नवी कॅसेट आहे. तिचं पारदर्शक वेष्टन अजून फोडलेलं नाही. परवा माझा कॉलेजातला मित्र केदार ती देऊन गेला. ठाण्याला स्टेशनजवळच्या दुकानात चक्क दर्शनी भागात लावलेली होती म्हणाला. पूर्वी ह्या बँडची कॅसेट मिळवायला जहाजावर नोकरी करणारा त्याचा मामेभाऊ लागायचा.

"मी ऐकली नाहीये," केदार म्हणाला. "हरेश आल्याशिवाय फोडू नकोस. मी पेपर संपल्यावर ऐकेन, तोवर कशी आहे ते मला सांगूही नकोस."

आमच्यातला तिसरा, हरेश, आज दुपारी येणार आहे. तोवर अभ्यास व्हायला हवा. पण एक समीकरण लिहून झालं की नजर त्या कॅसेटवर जाते. निकालाच्या दिवशी बोर्डाकडे जाताना वाटते, तशी भीती वाटतेय. परदेशातल्या चार-पाच माणसांनी ह्या वेळी कशी गाणी केली असतील, ह्याची मला कसली भीती? हे सांगायचं तर दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये जावं लागेल. ते मला सरळ ओळीत सांगता येईल असं वाटत नाही.

त्या बँडचं खरं नाव आम्हा तिघांच्या तोंडून तीन तऱ्हेचं निघायचं, म्हणून आम्ही त्यांना नुसतं 'स्वीडनवाले' म्हणायचो. ते डेथ मेटल वाजवतात. हा शब्द मी आईला कधी समजावू शकलो नाही. गाणारा गात नाही, पोटातून गुरगुरतो. ड्रम इतके भरभर वाजतात की मोजायला गेलं तर धाप लागते. पण ह्यांच्या डेथ मेटलला एक वेगळी बाजू होती. त्या सगळ्या गदारोळाच्या मधून दोन गिटार एकमेकींचा हात धरून चालाव्यात तशा चालायच्या, आणि त्यांची चाल इतकी उदास, इतकी सुरेल असायची की आम्ही तेवढीच जागा मागे नेऊन पुन्हा ऐकायचो. ह्याला मेलॉडिक डेथ मेटल म्हणतात, असं केदारने सांगितलं. आमच्यात सगळी माहिती त्याच्याकडेच असायची.

माझ्या बाबतीत ती चाल सापडायला कारण झाले अण्णा. माझे वडील एमआयडीसीच्या फेज टूमधल्या एका केमिकल कंपनीत आहेत. त्यांची रात्रपाळी असली की ते दिवसा झोपतात, आणि आमची खोली एकच. केदारच्या घरी मोठी म्युझिक सिस्टिम होती, पण ती हॉलमध्ये आणि हॉलमध्ये त्याचे आजोबा. त्यांच्यासमोर हे लावणं शक्यच नव्हतं. हरेशच्या घरचा टेप लग्नात वाजवणाऱ्या गावच्या बेंजो पार्टीसोबत फिरायचा. राहिलं आमचं घर. म्हणून आम्ही तिघं माझ्या खोलीत, टेपरेकॉर्डरला कान लावून, आवाजाचं बटण अगदी तळाशी ठेवून डेथ मेटल ऐकायचो. एवढ्या हळू आवाजात गुरगुरणं जवळजवळ विरून जातं, ड्रमची नुसती टपटप राहते, आणि वर तरंगत राहतात त्या दोन गिटार. अण्णांनी कूस बदलली की आम्ही श्वास धरायचो. एकदा ते डोळे मिटूनच म्हणाले, "तो माणूस बरा नाही काय रे? डॉक्टरला दाखवा म्हणावं." हरेशला हसू इतकं अनावर झालं की तो गॅलरीत पळाला.

हरेश मोठागावचा, खाडीकाठचा. त्याचे वडील खाडीत जाळं टाकतात, आई बाजारात मासळी घेऊन बसते. कॉलेजात आमची गाठ पडली ती गॅदरिंगमध्ये तो हळदीचं गाणं म्हणाला तेव्हा. लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडे हळदीला बेंजो लागतो आणि सगळं गाव नाचतं. त्या रात्रीच्या गाण्यांत हरेशचं नाव आसपासच्या गावांत होतं. त्याचा आवाज उंच आणि स्वच्छ होता. पितळेच्या तांब्यावर नखाने टिचकी मारली तर जसा नाद उठतो, तसा काहीसा. त्या आवाजाला केदारने गुरगुरायला लावलं. म्हणजे लावलं असं नाही, हरेशलाही ते आवडलं होतं. "ह्याच्यात कोन मना बोलनार नाय का वरचा सूर लागला नाय," तो म्हणायचा.

असा आमचा बँड झाला. केदार गिटारवर, मी एका जुन्या बेस गिटारवर, हरेशचा चुलतभाऊ दिन्या बेंजो पार्टीतून मोकळा असेल तेव्हा ड्रमवर. गावात बेंजो पार्टीची पत्र्याची खोली होती. तिथे एका बाजूला जाळी रचलेली, दुसऱ्या बाजूला आम्ही. शुक्रवारी लाइट नसायचे, म्हणून शुक्रवार सोडून रोज दुपारी सराव. परीक्षा संपल्यावर ठाण्याच्या एका हॉलमध्ये कॉलेजच्या बँडची स्पर्धा होणार होती, आणि आम्ही नाव दिलं होतं. स्वीडनवाल्यांची दोन गाणी करायची ठरली. त्याच्या पुढे काही दिवसांनी, वैशाखात, हरेशच्या बहिणीची, मनीषाची हळद होती. तिने भावाला एवढंच बजावलं होतं, "माझे हळदीला दुसरा कोन गायला उभा रायला, तर मी पाटावर बसनार नाय." आणि तिचं बोलणं थट्टेचं नव्हतं.

त्या दिवसांत सगळ्यात जास्त ऐकू आलेला शब्द म्हणजे केदारचा 'खाली'. "अजून खाली, हरेश. तो बघ किती खालून काढतो. छातीतून नाही, बेंबीतून." कॅसेटमधला आवाज खरंच फार खोल होता. विहिरीत घागर आपटावी तसा. गिटारच्या तारा आम्ही कॅसेटशी जुळवायच्या म्हणून इतक्या ढिल्या करायचो की त्या पट्टीवर खडखडायच्या. केदारला त्याचाच अभिमान होता. "एवढं खाली कुणी ट्यून करत नाही. हेच करतात." हरेश डोळे मिटून, मान खाली घालून तो आवाज काढायचा. गळ्याच्या शिरा टरारून यायच्या. एक दिवस त्याची आई मासळीची पाटी डोक्यावर घेऊन दारातून जाताना थांबली आणि म्हणाली, "कला रं असा डुकरासारका गुरगुरतस? देवानं बरा गला दिलाय तुना, त्याचा काय करतस ह्यो?"

"आये, ह्या फॉरेनचा गाना हाय," हरेश म्हणाला.

"फॉरेनला काय डॉक्टर नाय?"

म्हणजे अण्णांना आणि तिला एकच प्रश्न पडला होता. आम्ही हसलो. दिन्याने त्यावर तालात टाळ्या वाजवल्या.

फेब्रुवारी संपता संपता दोन गोष्टी झाल्या. पहिली मला तेव्हा गोष्ट वाटलीच नाही. अण्णांनी आमचा टेपरेकॉर्डर रविवारी पिशवीत घालून दुरुस्तीला नेला आणि आणला. "साफ करून आणलाय," एवढंच म्हणाले. मी बरं म्हटलं. माझ्या डोक्यात प्रॅक्टिकलची जर्नल होती.

दुसरी म्हणजे स्वीडनवाल्यांची नवी कॅसेट आली. मामेभाऊ जहाजावरून उतरला आणि केदार ती घेऊन, चप्पल न काढताच आत आला. अण्णा पहिल्या पाळीला गेले होते, आई रेशनला. त्या दिवशी प्रथमच आम्ही आवाज मोठा केला.

पहिल्या काही क्षणांतच केदारचा चेहरा बदलला. गाणी भरभर जात होती, पण ती पातळ वाटत होती. वजन गेलं होतं. गिटार चकचकीत, मागे कीबोर्ड. आणि मग तिसऱ्या की चौथ्या गाण्यात तो माणूस चक्क गायला लागला. गुरगुरणं थांबवून, सरळ, स्वच्छ आवाजात.

"विकले गेले," केदार म्हणाला.

"आरं, पन काय गातोय तो!" हरेश टेपच्या जवळ सरकला होता. "मना वाटला नवता त्याचा असा गला असेल."

"तेच तर. गळा दाखवायचा असता तर दुसरे हजार बँड आहेत. ह्यांनी हे कशाला करायचं?"

"त्यांची मर्जी. तू काय त्यांचा सासरा हायस?"

"हरेश, तुला कळतंय का? हा तो बँडच नाहीये आता."

मी मध्ये काहीतरी बोललो, की एकदा पूर्ण ऐकू या. माझं बोलणं तसंही कुणी फार मनावर घेत नाही. केदारने कॅसेट बाहेर काढली आणि खिशात टाकली. "स्पर्धेत आपण जुनीच गाणी करायची. त्यांनी सोडलं असेल, आपण नाही सोडणार." हरेशने जाताना दारात विचारलं, "एक गाना नवीन घेतला तर? त्यातला सरल आवाजाचा. माजा गला जरा..." आणि तो खाकरला. केदारने मान हलवली. "तू पण?" असं म्हणाला. ते दोन शब्द त्या खोलीत बराच वेळ राहिले.

मी तेव्हा कुणाच्या बाजूचा होतो? खरं सांगायचं तर केदारच्या. मलाही तो नवा आवाज खटकला होता. गावाला गेल्यावर ओळखीच्या घराला वेगळाच रंग दिलेला दिसावा, तसं वाटलं होतं. पण हरेशच्या खाकरण्याकडे माझं लक्ष होतं. तो हल्ली पाणी फार प्यायचा. बोलताना मधलीच अक्षरं गिळली जायची.

होळीच्या दिवशी आम्ही त्याच्या गावात गेलो होतो. होळी पेटली की तिथे सगळे पुरुष खाडीकडे तोंड करून बोंब मारतात. हरेशने तोंड उघडलं, हात ओठांशी नेला, आणि काहीच आलं नाही. हवा तेवढी गेली. आधी सगळ्यांना गंमत वाटली. "आरं, पोराचा भोंगा बंद परला!" असं कुणीतरी ओरडलं. त्याने पुन्हा प्रयत्न केला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. ज्वाळांच्या उजेडात त्याचा चेहरा मला अजून दिसतो. मनीषा मागे बायकांमध्ये उभी होती. ती हसत नव्हती.

कल्याणच्या डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं. स्वरतंतूंवर गाठी आल्यात म्हणाले. महिनाभर तोंडातून शब्द काढायचा नाही, कुजबुजसुद्धा नाही. "तुम्ही करता काय एवढं घशाला?" त्यांनी विचारलं. हरेशला बोलायची बंदी झालेली, म्हणून मीच सांगितलं. ते ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. "आवाज परत येईल, पण तोच येईल असं मी सांगत नाही."

बाहेर पडल्यावर हरेशने बोटांनी विचारलं. आधी गळ्याला हात लावला, मग गालाला, जिथे हळद लावतात. म्हणजे, हळदीपर्यंत? मी मान डोलावली. मला काहीच माहीत नव्हतं.

परीक्षा सुरू झाली आणि चाळ शांत झाली. दोन पेपरांच्या मध्ये एक मोकळी दुपार होती. अण्णा रात्रपाळी करून झोपले होते. मला वाचवत नव्हतं. नुसतं बसवत नव्हतं, म्हणून मी जुनी कॅसेट लावली. नवी आल्यापासून ती कुणी लावलीच नव्हती. बटण तळाशी, कान टेपला.

मला वाटलं मी चुकून दुसरीच लावली. उलटून पाहिली, तीच होती. पण गाणं भरभर पळत होतं. गिटार वरच्या सुरात होत्या. आणि गाणारा, तो विहिरीतला राक्षस, कुणी राक्षस नव्हता. तो एक तरुण मुलगा होता. घाईत असलेला, जीव तोडून ओरडणारा, आमच्याच वयाचा असेल असा. मी पुन्हा पहिल्यापासून लावलं. 

"अण्णा," मी हळूच हाक मारली. झोपेतून त्यांना मी कधी उठवत नाही. "टेपला काय केलं होतंत?"

"अं? पट्टा बदलला," ते चादरीतून म्हणाले. "आतला रबरी पट्टा ढिला झालेला. माझ्या भजनाच्या कॅसेटीतले बुवा किती दिवस दमल्यासारखे गात होते. मला वाटलं, रेकॉर्डिंगच तसं. आणि तुमचा तो तर मरायलाच टेकला होता. म्हटलं दाखवून आणू. का रे, बिघडला?"

"नाही. चांगला चालतोय."

"मग झोपू दे."

मी तिथेच बसून राहिलो. पट्टा एका दिवसात सैल होत नाही. तो रोज थोडा थोडा ताणत जातो, आणि त्याच घरात राहणाऱ्यांना ते कळत नाही, कारण त्यांचे कानही रोज थोडे थोडे सरकत असतात. आम्ही जे ऐकून भारावलो होतो तो आवाज त्या बँडने कधी काढलाच नव्हता. तो कुठल्याच माणसाने काढला नव्हता. आणि त्या आवाजापर्यंत पोचायला हरेश रोज दुपारी आपला गळा खाली, अजून खाली ओढत होता.

ही गोष्ट सांगायला थांबावं असं मला वाटलं नाही. पुस्तक तसंच उघडं टाकून, टेप पिशवीत घालून मी सायकलवर मोठागावला गेलो. वाटेत केदारला घराबाहेर बोलावलं. तो कॅरियरवर मागे बसला आणि मी जे सांगत होतो त्यावर रेल्वे फाटकापर्यंत भांडत राहिला.

"तुझा टेप आता फास्ट झाला असेल. नवा पट्टा घट्ट बसवला असेल त्याने. जुनाच बरोबर होता."

"कशावरून?"

"तू कशावरून म्हणतोस?"

मी पॅडल मारत राहिलो. खरंच, दोन वेगांमधला खरा कुठला, हे कसं ओळखायचं? स्वीडनला जाऊन तर कुणी ऐकलं नव्हतं.

पत्र्याच्या खोलीत हरेश जाळं शिवत बसला होता. आम्ही गाणं लावलं. त्याने ऐकलं, हातातली सुई थांबली. केदार पुन्हा तेच बोलला, की टेप बिघडलाय. मग हरेश उठला. फळीवरच्या खोक्यात हात घालून त्याने एक कॅसेट काढली आणि टेपमध्ये घातली. मागल्या वर्षी शेजारच्या गावात तो हळदीला गायला होता, तेव्हा कुणीतरी आपल्या चांगल्या टेपवर भरून घेतलेली. ही कॅसेट आम्ही पूर्वी माझ्याकडे ऐकली होती. तेव्हा त्याचा आवाज जाड, ओढल्यासारखा आला होता, आणि तोच म्हणाला होता, "आपला आवाज टेपवर कुनालाच आपला वाटत नाय." आम्ही तिघांनी ते मान्य केलं होतं.

आता पत्र्याखाली तो आवाज उठला. उंच, स्वच्छ. गॅदरिंगमध्ये ऐकला होता तोच, जसाच्या तसा. दारावरून जाणारी एक बाई थांबून आत डोकावली आणि हरेशकडे पाहून म्हणाली, "आरं, बोलायला लागलास?" त्याने मान हलवली आणि टेपकडे बोट दाखवलं.

केदारने टेप बंद केला.  तो म्हणाला, "मीच म्हणत होतो. अजून खाली, अजून खाली." हरेशने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि हसला. आवाज नसलेलं हसू फार विचित्र दिसतं. खांदे तेवढे हलतात. मग केदारने गिटार ओढून घेतली आणि एकेक तार पिळून वर आणायला सुरुवात केली. त्या खुंट्यांचा किरकिर आवाज बराच वेळ चालला होता.

स्पर्धेतून नाव काढायला तो एकटाच ठाण्याला गेला. आम्हाला नंतर सांगितलं.

पुढे परीक्षा संपेपर्यंत आणि संपल्यावरही मी दोन्ही कॅसेट बरोबर वेगात पुन्हा पुन्हा ऐकल्या. बदल होताच. तो काही सगळा पट्ट्याचा नव्हता. आधीच्या कॅसेटमध्ये ते धावत होते, जणू मागे कुणी लागलंय. नव्यात ते थांबायला शिकले होते. कीबोर्ड आले होते, गाणं आलं होतं. पण त्याच्या खाली त्या दोन गिटार तशाच होत्या, हात धरून चालणाऱ्या, फक्त चाल जरा वयात आलेली. केदारने मासिकातल्या मुलाखतीची झेरॉक्स आणली. त्यात गाणाऱ्याला ह्याबद्दल विचारलं होतं, आणि तो म्हणाला होता की रोज रात्री तसं ओरडून सकाळी त्याला पाणी गिळवेना. एवढंच. आम्ही ज्याला विकले जाणं म्हणत होतो, ते एका माणसाचं घसा दुखणं होतं.

असे बदल बाहेरून पाहिले की गद्दारीसारखे दिसतात. हरेशच्या गावातली म्हातारी धवलारीण, जी लग्नात पूर्वीपासूनचे धवले गाते, तिला बेंजो आवडत नाही. "हलद काय अशी असते? ह्यो नुसता धांगरधिंगा," ती म्हणते. आणि बेंजोतले जुने लोक आता दिन्याच्या इलेक्ट्रॉनिक पॅडला नावं ठेवतात. प्रत्येकाची हळद त्याच्या वेळची खरी. ह्यात कोण बरोबर, हे मला सांगता येत नाही. मला एवढंच कळलं, की समोरचा बदलला असं म्हणण्याआधी आपल्या घरातला पट्टा बघून घ्यावा.

मनीषाच्या हळदीच्या संध्याकाळी मांडवात ती पाटावर बसली, पण हळद लावू देईना. हात मांडीवर, नजर हरेशवर. महिना उलटून गेला होता. डॉक्टरांनी थोडं बोलायला परवानगी दिली होती, गाण्याबद्दल ते गप्प बसले होते. बेंजो पार्टी तयार होती, आणि तिच्या कडेला केदार गिटार घेऊन उभा. "ह्यो चष्मेवाला कोन रं?" बायका विचारत होत्या. दिन्याने ताल धरला, बेंजोवर चाल फिरली, पुन्हा फिरली. हरेश माइकसमोर उभा होता आणि तोंड उघडत नव्हता. त्याची आई हळदीची वाटी हातात धरून उभी राहिली होती. मी मांडवाचा बांबू घट्ट धरला होता, हे मला नंतर तळहातावरच्या वळांवरून कळलं.

चाल तिसऱ्यांदा फिरली आणि त्याने सूर लावला.

तो आवाज आम्ही कुणी पूर्वी ऐकला नव्हता. तांब्याचा नाद गेला होता. हा खालचा, खरखरीत, कडेला चिरलेला, वर जाताना मध्ये तुटणारा. पहिल्या ओळीला बेंजोवाल्यानेही वळून पाहिलं. लोक एकमेकांकडे बघत होते. केदारने मान खाली घातली होती, पण त्याचे हात थांबले नाहीत. हरेशचा सूर जिथे तुटत होता तिथे त्याची गिटार खालून जात होती. दुसऱ्या ओळीला मनीषाने मान वर केली, डोळे पुसले आणि गाल पुढे केला. आईने हळदीत बोटं बुडवली.

तो आवाज पुढे सुधारला, पण परत आला नाही. आता आसपासच्या गावांत हरेशला त्या खरखरीत आवाजासाठीच बोलावतात. काही म्हातारी माणसं अजून म्हणतात, पोराचा पहिला गळा काय होता! तो ऐकून घेतो. त्याबद्दल त्याला काय वाटतं हे मी विचारलेलं नाही. विचारायला हवं होतं की काय, हे मला अजून ठरवता येत नाही.

दुपार झाली आहे. अण्णा रात्रपाळीहून येऊन भिंतीकडे तोंड करून झोपलेत. दारात चपला वाजल्या आणि हरेश आत आला. आईला खुणेनेच नमस्कार केला, तिने खुणेनेच पाणी दिलं. मार्चमध्ये आमच्याकडे असंच असतं.

त्याने टेबलावरची कॅसेट उचलली, उलटसुलट करून पाहिली. वेष्टन दातांनी फोडलं. मी टेप पुढे ओढला, बटण तळाशी नेलं.

"काय वाटतं तुला?" मी कुजबुजलो. "ह्या वेळी कसे असतील?"

"कसेबी असतील," तो त्या खरखरीत आवाजात म्हणाला. "पन थांब. आदी हलदीचा लाव."

आमची ही आता सवयच झाली आहे. कुठलाही नवा बँड, कुठलीही नवी कॅसेट असो, आधी मशीन तपासायचं, आणि मशीन खरं चालतंय की नाही हे सांगणारी त्या हळदीच्या कॅसेटशिवाय दुसरी वस्तू आमच्याकडे नाही. मी खणातून त्याची जुनी कॅसेट काढून लावली. पत्र्याच्या खोलीत ऐकलेला तो उंच, स्वच्छ आवाज अगदी हळू खोलीत आला. हरेश टेपला कान लावून, डोळे मिटून ऐकत होता. अण्णांनी कूस बदलली. आम्ही दोघांनी श्वास धरला.

गाणं एका कडव्यापर्यंत गेलं. हरेशने डोळे उघडले.

"बरोबर हाय," तो म्हणाला. "आता त्यांचा लाव."